वैशूच्या ताटाकडे पाहताना

वैशू,

तू गेलीस त्या दिवशीही मला तुझा हेवा वाटला. वाचणाऱ्याला हे कसंतरीच वाटेल, तुला नाही वाटणार. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. अमरावतीच्या आपल्या घरापासून पार रस्त्याच्या वळणापर्यंत माणसं उभी होती. तुझ्या शाळेतल्या पोरी ट्रॅकसूट घालून आल्या होत्या आणि एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. मी मनात म्हटलं, उद्या मी गेले तर पाटबंधारे खात्यातले चार जण येतील, तेही साहेबांनी सोडलं तर. अशा वेळी असलं मनात येऊ नये. पण इतक्या वर्षांची सवय तू डोळे मिटलेस म्हणून एका दिवसात सुटते का?

तेव्हा आधीच सांगते, मी इथं तुझे गोडवे गायला बसलेली नाही. ते काम बाकी सगळ्यांनी उरकलं आहे. मी माझ्या पोरीसाठी तुझ्याशी भांडायला बसले आहे. श्रावस्ती तुझी लाडकी भाची, मान्य. पण पोरगी माझी आहे.

मी लग्न होऊन तुमच्या घरात आले तेव्हा तू कॉलेजात होतीस. वयात फार फरक नव्हता, म्हणून तोंडानं वहिनी म्हणत तू मला अगंतुगंच करायचीस. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, काहीतरी थाप मारून तू मला राजकमल चौकाकडे गिला वडा खायला न्यायचीस. तुझी प्लेट साफ झाली की माझ्या प्लेटमध्ये हात. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत असताना तू म्हणायचीस, "अजून एक घेऊ वं." त्या वैशूवर मी कधीच जळले नाही. ती माझी मैत्रीण होती, आणि खरं सांगायचं तर मी रडते ती जास्त तिच्यासाठीच.

मग तुला बी.पी.एड. करायचं मनात आलं. प्रवेशासाठी मैदानावरची चाचणी द्यायची होती. तू सकाळी धावायला लागलीस, तेलकट सोडलंस, भात सोडलास. चाचणी पास झालीस, अंगानं हलकी झालीस आणि घरात तुझ्या कौतुकाला ऊत आला. कुठल्याही पोरीला झाला असता तसा तुलाही आनंद झाला. फक्त बाकीच्या पोरी चाचणी झाल्यावर जेवायला बसतात, तू बसली नाहीस. कौतुक थांबेना, मग तू तरी कशी थांबणार?

पुढं तू शाळेत पीटी शिकवायला लागलीस. तुझ्या दादाची बदली अकोल्याला झाली, मलाही तिथंच नोकरी लागली. श्रावस्ती झाल्यावर मी अंगानं सुटले ती सुटलेच. दर्यापूरच्या मावशीच्या घरच्या लग्नात आपण दोघी शेजारी उभ्या होतो. नवरीकडच्या एका बाईनं तुझ्याकडे बोट दाखवून मला विचारलं, ही तुमची भाची का? तू पोट धरून हसलीस. मीही हसले. घरी आल्यावर त्या दिवशीची साडी मी कपाटाच्या तळाशी टाकली, ती आजपर्यंत नेसले नाही. आई तर उठताबसता म्हणायच्या, "पाहा आमच्या वैशूले, नखभर चरबी नाई अंगावर. नाई तर आमची सून..." पुढचं वाक्य त्या चांगुलपणानं अर्धं सोडायच्या.

अकोल्याहून परत जाताना तू बडनेऱ्याला गाडीतून उतरायचीस आणि ऑटो न करता पाठीवर सॅक घेऊन अमरावतीपर्यंत चालत जायचीस, भर उन्हाळ्यातसुद्धा. तुझा दादा ही गोष्ट ऑफिसात छाती फुगवून सांगायचा. ताप आला तरी तुझं धावणं चुकायचं नाही. आईंना दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा तू त्यांच्या खाटेजवळ बसल्या बसल्या टाचा वरखाली करत होतीस. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, किती उत्साही पोरगी आहे. मी त्या टाचांकडे पाहत होते. मला तुझा राग येत होता, आणि त्या टाचा थांबत का नाहीत हेही कळत नव्हतं.

आणि मग तुझं ते शील आलं. पौर्णिमेला उपोसथ करणाऱ्या बाया पांढरं नेसून विहारात अष्टशील घेतात, त्यातलं एक शील दुपारी बारानंतर न जेवण्याचं. काही जणी ते वर्षावासाचे तीन महिने पाळतात, मग पुन्हा आपल्या नेहमीसारख्या जेवतात. तू ते बाराही महिने पाळायला लागलीस. सकाळी मैदान म्हणून खायचं नाही, दुपारनंतर शील म्हणून खायचं नाही. मधे उरली ती अर्धी भाकर आणि काकडीच्या चकत्या, त्याही तू उभ्यानं खायचीस.

आपण उपासतापास सोडून दिलेली माणसं. कोणी चतुर्थी धरली असती तर आईंनीच तिला चार गोष्टी सुनावल्या असत्या. पण शील म्हटल्यावर बोलायचं कोणी? सगळ्यांना वाटलं, पोरगी धम्मात रुळली. भन्तेजींनी एकदा विहारात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, ताई, शरीराला त्रास होत असेल तर हे शील नको घेऊ, त्यात काही कमीपणा नाही. तू हात जोडून म्हणालीस, त्रास काहीच नाही भन्तेजी. बायांनी साधु साधु म्हटलं. पुढच्या पौर्णिमेला उपासिका संघानं शाल देऊन तुझा सत्कार केला. मी मागच्या सतरंजीवर बसून टाळ्या वाजवल्या आणि मनातल्या मनात तुझ्या नावानं बोटं मोडली.

आपलं ते खिरीचं भांडण आठवतं? बुद्ध पौर्णिमेला तू पातेल्यापाशी उभी राहून सगळ्यांना खीर वाढत होतीस. मी विचारलं, ज्यानं उपाशी राहणं सोडून खीर खाल्ली त्याच्या नावानं ही खीर वाटतो ना आपण, मग तू कावून नाई खात? तू वाटी माझ्याकडे सरकवलीस आणि म्हणालीस, "माह्या वाटची तूच खा वं. तुले पचते." मला ते इतकं लागलं की मी वाटी तशीच ठेवून बाहेर आले. नंतर तू विषय काढला नाहीस, मीही नाही. भांडण अर्ध्यावर टाकून द्यायची खोड तुला आधीपासूनच होती.

एक गोष्ट मात्र मी आज ताठ मानेनं सांगते. तुझ्याकडे माझ्याइतकं बारकाईनं कुणीच पाहिलं नाही. आईंनी तुझ्याकडे मायेनं पाहिलं, दादानं अभिमानानं, शाळेतल्या पोरींनी भक्तीनं, आणि त्यांना हवं ते दिसलं. जळणारं माणूस मात्र समोरच्याच्या ताटात काय उरलं तेही पाहतं. तू भाकरीचे तुकडे करून ताटभर पसरतेस, वरण लावून ओले करतेस आणि तोंडात घालत नाहीस, हे मी पाहिलं. मे महिन्यात तू पूर्ण बाह्यांचं घालतेस, तुझे केस कंगव्यात गुंतून येतात, जिना चढल्यावर तू भिंतीला हात लावतेस, हे मी पाहिलं. तुझ्यात काहीतरी खोट निघावी म्हणून मी पाहत होते. निघाली, तेव्हा मला भीती वाटली.

मी तुझ्या दादाला सांगितलं. तो म्हणाला, तू पहिल्यापासून जळते तिच्यावर. आईंना सांगितलं, त्याही तेच म्हणाल्या. आता यावर मी काय बोलणार? मी जळत होतेच. माझं सगळं खरं बोलणं त्या एका वाक्यात वाहून जायचं.

मागच्या हिवाळ्यात तुझ्या पायाचं हाड तडकलं. पडली नाहीस, मुरगळला नाही, धावता धावता तडकलं. डॉक्टरांनी प्लास्टर घालून आराम सांगितला आणि तू आरामाला आमच्याकडे अकोल्याला आलीस. दुपारी मी पोहे घेऊन गच्चीवर आले तर तू पाय लांब करून, दोन्ही हातांत पाण्यानं भरलेल्या बाटल्या घेऊन त्या वरखाली करत होतीस. कपाळावर घाम, ओठ पांढरे. मी म्हटलं, जरा गुपचूप बस ना वं. तू बाटल्या खाली ठेवल्यास आणि पहिल्यांदा खरं बोललीस.

"बसली की जेवलेलं सगळं अंगावर चढून राहिलं असं वाटते. आरशात मले एक जाडी बाई दिसते, वहिनी. तुमाले कोणालेच कावून नाई दिसत?"

तू माझ्या पोह्यांच्या बशीकडे पाहत म्हणालीस, "तू खुर्चीत बसून पोहे खाते, हात धुते अन् कामाले लागते. बस. मी तुह्यावर किती जळते, तुले ठाऊक आहे का?"

माझ्यावर कुणी जळतं हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते, तेही तुझ्या तोंडून. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटलं. मग तू माझ्या मांडीवर डोकं ठेवलंस. भर उन्हात तुझा हात गार होता. मी तुझ्या केसांवरून हात फिरवत राहिले आणि तू थोडा वेळ खरंच निवांत पडलीस. त्या थोड्या वेळासाठी मी तुझी जन्मभर ऋणी आहे. मग तुझा चांगला पाय हलायला लागला, आणि तू उठून बसलीस.

मी म्हटलं, आपण डॉक्टरकडे जाऊ, मनाचे असतात त्यांच्याकडे, मी कोणाला सांगणार नाही. तू म्हणालीस, स्नेहसंमेलन आटोपलं की जाऊ. मग परीक्षा आटोपल्या की. जाताना जिन्यात थांबून तू एवढंच म्हणालीस, "श्रावूले नको सांगू. ती मले लय मोठं समजते." मी हो म्हटलं.

ती तुला मोठं समजते हे काय मला सांगायला हवं होतं? सुट्टी लागली की तिची बॅग भरलेली. माझ्या हातची पाटोडी नको, आत्याची काकडी चालते. मी केस विंचरायला बसवलं की मान वाकडी, तू वेणी घातलीस की आठ दिवस सोडायची नाही. तुझ्यासारखं धावायचं, तुझ्यासारखं पीटी शिकवायचं, घड्याळही तुझ्यासारखं उजव्या हातात. तू माझी सासू घेतलीस, माझ्या नवऱ्याचा अभिमान घेतलास, नातेवाइकांतला मान घेतलास, त्याचं मी तोंड वाकडं करून का होईना, चालवून घेतलं. पोरीच्या बाबतीत मला रात्रंदिवस कुढायला व्हायचं. दहावीची परीक्षा देऊन ती या उन्हाळ्यात तुझ्याकडे राहिली आणि अकोल्याला परत आली, तेव्हा जेवायला बसल्यावर तिनं पोळीचे तुकडे करून ताटभर पसरले. वरण लावून ओले केले. माझ्या हातातलं उलथणं तसंच राहिलं.

मी तुला फोन करणार होते. खूप भांडणार होते, वाक्यं जमवून ठेवली होती. त्याआधीच दादाला तुझ्या शाळेतून फोन आला.

तू मैदानाच्या कडेला पडलीस. दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी तुझ्या दादाला आणि मला आत बोलावून सांगितलं, न जेवता इतका व्यायाम केल्यानं शरीरातले क्षार फार उतरले होते, त्यानं हृदयाचे ठोके बिघडले, आणि हे वर्षानुवर्षं चाललेलं असणार. बाहेर येताना दादा म्हणाला, लोकांले काय सांगायचं? आणि त्यानं सगळ्यांना अटॅक सांगितलं. दर्यापूरच्या मावशी हळूच म्हणाल्या, नजर लागली बाई पोरीले. आपण नजर मानत नाही. तरी तीन-चार जणींनी माझ्याकडे पाहिलं.

तुला अंघोळ घालायला आम्ही पाच बाया आत होतो. पूर्ण बाह्यांचा कुर्ता काढला. पाठीचा एक एक मणका मोजता येत होता. दंडावर लहान बाळाच्या अंगावर असते तशी मऊ लव आली होती. मी तुझ्या खांद्यावरून पाणी ओतत होते. कुणीतरी पुटपुटलं, शील पाळून पाळून झिजली. त्या खोलीत, वैशू, मला पहिल्यांदा तुझ्या अंगाचा हेवा वाटला नाही.

तुझ्या जलदान विधीला विहारात बसायला जागा नव्हती. एकामागून एक माणसं बोलायला उठली. शिस्त, त्याग, निर्व्यसनी जीवन, व्यायाम करता करता आलेलं भाग्याचं मरण. मी ऐकत होते आणि आतून धुमसत होते, कारण निम्मं दुःख होतं तर निम्मं तेच जुनं, की मेल्यावरही ही सगळ्यांपेक्षा चांगलीच. मग उपासिका संघाच्या अध्यक्ष उठल्या. वर्षावास तोंडावर आला आहे, म्हणाल्या, वैशालीताईंच्या आठवणीसाठी यंदा वस्तीतल्या मुलींनीही तीन महिने दुपारनंतर न जेवण्याचं शील घ्यावं, कोण कोण तयार आहे? पहिल्यांदा कोण उभं राहिलं असेल ते तुला सांगायला नको. पांढरी ओढणी घेतलेली माझी श्रावस्ती. बायांनी कौतुकानं माना डोलावल्या. तुझा फोटो समोर होता आणि तो तिच्याकडे पाहून हसत होता.

मी उठले. मला माईक मिळाला नाही आणि लागलाही नाही.

"वैशू शील पाळत नव्हती," मी म्हटलं. "तिले जेवताच येत नव्हतं, अन् पळणं थांबवता येत नव्हतं. तो आजार होता. डॉक्टरनं सांगतलं आहे आमाले. माह्या पोरीले मी हे घेऊ देणार नाई."

सगळीकडे कुजबुज झाली. मावशी मोठ्यानं म्हणाल्या, "जितेपणी जळली तिच्यावर, आता गेल्यावरही सोडून नाई राहिली."

"जळते," मी म्हटलं. "आजही जळते. पण हे खरं आहे. तिच्या दादाले विचारा."

सगळ्यांनी तुझ्या दादाकडे पाहिलं. तो सतरंजीकडे पाहत होता. इतका वेळ गेला की मला वाटलं, हा आता मला एकटीला पाडतो. मग तो मान वर न करता म्हणाला, "खरं बोलून राहिली ती." आई त्याच्या शेजारीच होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, मले कावून नाई सांगतलं रे? भन्तेजींनी श्रावस्तीला खुणेनं खाली बसायला सांगितलं, तो विषय तिथंच सोडला आणि गाथा सुरू केली. ती बसली नाही. चपला घालून बाहेर निघून गेली.

तुला दिलेला शब्द मी मोडला. त्याचं मला वाईट वाटतं, पण पश्चात्ताप होत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडीन.

गाडीत मूर्तिजापूरपर्यंत श्रावस्ती ओढणीत तोंड खुपसून बसली. मग म्हणाली, "तू आत्याले सगळ्यांसमोर खाली पाडलं, मम्मी. आता तुले बरं वाटलं असंन." दुसऱ्या दिवशी तिला अकोल्यातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, ज्यांच्याकडे तुला न्यायचं होतं. ती त्यांच्याशी बोलते. माझ्याशी बोलत नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं, पण वेळ लागेल. जेवताना कोणीतरी शांतपणे जवळ बसत जा. मी आणि शांतपणे, तू असतीस तर हसली असतीस. पण मी बसते. ऑफिसातून साहेबांना सांगून लवकर निघते आणि दिवेलागणीला तिच्यासमोर ताट घेऊन बसते.

काल तिनं अर्धी पोळी खाल्ल्यावर हात थांबवला. मी माझं जेवत राहिले. ती म्हणाली, आत्या असती तर तिला मला काय होतं ते कळलं असतं. आणि रडायला लागली, तुझं नाव घेऊन, माझ्याकडे पाठ करून. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं झटकला. इतकं माझ्या नावानं कुणी कधी रडणार नाही, हे मला तेव्हाही बोचलं. मग ती तशीच, पाठमोरी, नाक ओढत उरलेली पोळी खायला लागली.

रडू दे तिला तुझ्यासाठी, वैशू. तिनं जन्मभर माझ्यापेक्षा तुझ्यावर जास्त माया करावी, मी जन्मभर जळत राहीन, माझी काही तक्रार नाही. तेवढी ती जेवली पाहिजे.